मागची खूण

शाळेत असताना मी १३ फूट १० इंच लांब उडी मारली होती, असे मी आजवर पुष्कळांना सांगितले आहे. लग्न झाल्यावर नवऱ्याला सांगितले, जावांना सांगितले, पुढे मुलांना सांगितले. मुले पळायला कंटाळा करू लागली म्हणजे तर हटकून सांगितले. ते सर्वस्वी खोटे नाही. माझे दोन्ही पाय वाळूत जिथे रुतले ती जागा फळीपासून १३ फूट १० इंचांवर होती. मी स्वतः वळून पाहिली होती. पण वहीत माझ्या नावापुढे लिहिला गेला तो आकडा निराळा होता, आणि तो मी कुणाला सांगत नसे.

ही १९५५ सालची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते आणि सोलापुरात मुलींच्या शाळेत शिकत होते. त्या वर्षीच घरच्यांनी मला परकरातून काढून पाचवारीत घातले होते. शाळाशाळांच्या सामन्यांत लांब उडीसाठी माझे नाव गेले तेव्हा आईने एवढीच अट घातली, की पोरीने लुगडे सोडायचे नाही. मी पदर कमरेला घट्ट खोचला, निऱ्या वर ओढून घेतल्या आणि धावले. शेवटची उडी खरोखरच छान साधली. अंग हलके झाले, कानांत वारा भरला, आणि वाळूत पडले ती पुढच्या अंगाला पडले. हातसुद्धा मागे टेकला नाही. पण हवेत असतानाच पदर सुटला होता. तो माझ्या मागून सावकाश आला आणि वाळूवर लांबलचक पसरला. बाई फीत घेऊन आल्या, वाकल्या, पदराच्या टोकाने वाळूत जी बारीकशी रेघ उमटली होती तिथे त्यांनी खुंटी रोवली आणि आकडा सांगितला : १२ फूट ९ इंच.

"बाई, तो पदर होता, मी नव्हते!" मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

बाई फीत गुंडाळीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पदर तुझाच ना?"

पहिला नंबर १३ फूट ४ इंचांना गेला. माझा तिसरा आला. पहिल्या नंबराला मिळालेला पेला जिच्याकडे गेला तिचा चेहरा आज मला आठवत नाही, पण बाईंचे ते चार शब्द मी जन्मभर विसरले नाही. त्यांनी माझ्यावर धडधडीत अन्याय केला, ही समजूत मी पुढे अठ्ठेचाळीस वर्षे जपून ठेवली.

ती मोडली २००३ सालच्या ३० ऑगस्टला, आणि तीसुद्धा पॅरिसजवळ.

तिथे मी गेले होते लेकीच्या बाळंतपणासाठी. लेक पॅरिसच्या दक्षिणेला ओर्से गावी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत संशोधन करते. जूनमध्ये तिला मुलगी झाली. डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतशोपा असा सगळा सरंजाम मी बरोबर नेला होता. बाळ-बाळंतीण दोघीही सुखरूप होत्या. आणि मग ऑगस्ट उजाडला. त्या वर्षीचा तो उन्हाळा फ्रान्समधले लोक अजून विसरले नाहीत. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात असा काही उष्मा झाला की त्या देशात नेहमीपेक्षा सुमारे १५,००० माणसे जास्त दगावली, आणि त्यांतली बहुतेक म्हातारी होती. तिथली घरे थंडीसाठी बांधलेली. दुकानांत पंखे मिळेनात. लेक आणि जावई पार गोंधळून गेले. मी मात्र सोलापूरच्या उन्हात वाढलेली. सकाळी आठच्या आत सगळ्या खिडक्या मी लावून घेतल्या, त्यांवर ओल्या चादरी टांगल्या, दिवसभर ताक करून ठेवले, आणि बाळाला ओल्या फडक्याने टिपून काढीत बसले. वरच्या मजल्यावर एक म्हातारी एकटीच राहत होती. तिच्याकडेही मी ताकाचा तांब्या पोचवू लागले. तिने पहिल्या दिवशी त्याचा वास घेऊन पाहिला आणि दुसऱ्या दिवशी रिकामा तांब्या घेऊन स्वतःच दाराशी आली.

ते पंधरा दिवस निभावले. पण त्यांतून एक वाईट गोष्ट झाली. माझ्यावाचून या घराचे चालायचे नाही, असे मला वाटू लागले.

लेकीची रजा संपत आली होती. तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या मुलाच्या वेळी सोळा आठवडे रजा मिळते, सहा आधीचे आणि दहा नंतरचे. १ सप्टेंबरला, सोमवारी, तिला कामावर रुजू व्हायचे होते आणि दहा आठवड्यांची ती पोर पाळणाघरात जायची होती. माझे परतीचे तिकीट सप्टेंबरच्या मध्याचे. मला ते काही केल्या पटेना. इतके इवलेसे मूल परक्या बायकांच्या हाती द्यायचे? मी मनाशी एक वाक्य जुळवून ठेवले होते, "वर्षभर तरी घरी राहा, प्रयोगशाळा कुठे पळून जात नाही." सोमवारच्या आत ते तिच्या कानांवर घालायचे, असा माझा बेत होता. वाक्य जुळवताना मला ते ओळखीचे वाटत होते, पण कुठे ऐकले आहे ते आठवत नव्हते.

त्याच आठवड्यात पॅरिसला जागतिक मैदानी स्पर्धा चालू होत्या. शनिवारी दुपारी जावयांनी दोन तिकिटे माझ्यासमोर ठेवली.

"आई, आज संध्याकाळी बायकांच्या लांब उडीची अंतिम फेरी आहे. आपली अंजू बॉबी जॉर्ज त्यात आहे. तुम्ही दोघी जाऊन या."

"आणि बाळ?"

"बाळ माझ्याजवळ राहील."

मी लेकीकडे पाहिले. ती चपला शोधीत होती! दहा आठवड्यांचे मूल पुरुषाच्या हवाली करून दोघी बायकांनी उड्या पाहायला जायचे, हे माझ्या आईने ऐकले असते तर तिने कानांवर हातच ठेवले असते. पण जावयांपुढे काय बोलणार? मी निघाले. ओर्सेहून निघालेली गाडी शहराच्या पोटातून जाऊन उत्तरेकडे बाहेर पडते आणि थेट मैदानाच्या स्टेशनवर सोडते. तेवढ्या वेळात मी लेकीला तीनदा विचारले, दुधाच्या बाटल्या नीट दाखवून आलीस ना. तिसऱ्यांदा ती हसली नाही.

ते मैदान १९९८ सालच्या फुटबॉलच्या विश्वचषकासाठी बांधलेले. वर भल्या थोरल्या थाळीसारखे छप्पर, आणि खाली माणसांचा समुद्र. एवढ्या पसाऱ्यात लांब उडीची जागा म्हणजे एक चिंचोळी वाट आणि तिच्या टोकाला वाळूचा वाफा. पाहिल्याबरोबर मला आमच्या शाळेचे मैदान आठवले. जगातली सगळी श्रीमंती ओतली तरी लांब उडीला शेवटी वाळूच लागते, ही मला मोठी मौज वाटली.

लांब उडी दिसायला सर्वांत सोपी. पळायचे आणि उडायचे. पोरे ओढ्याकाठी हेच करतात. पण तिच्या मोजणीइतकी कंजूष मोजणी दुसऱ्या कुठल्या खेळात नसेल. धावण्याच्या वाटेच्या शेवटी २० सेंटिमीटर रुंदीची पांढरी फळी असते. तिच्या पुढच्या कडेपासून उडी मोजायची. त्या कडेच्या पलीकडे त्या काळी लांबीसारख्या मऊ पदार्थाची पट्टी लावलेली असे. त्यावर पायाची खूण उमटली की लाल निशाण वर झाले आणि उडी फुकट गेली. (आता ते काम कॅमेरा करतो.) बरे, बाद होण्याच्या भीतीने चार बोटे आधीच पाय उचलला, तर ती चार बोटे बुडाली, ती कुणी भरून देत नाही. आणि वाळूत पडल्यावर पुन्हा उलटा न्याय! पुढे कुठवर गेलात ते कुणी विचारत नाही. वाळूत उमटलेल्या खुणांपैकी फळीला जवळची, म्हणजे सर्वांत मागची, जी असेल तिच्यापासून मोजायचे. निघताना मागे राहिलेले हिशेबात धरायचे नाही, आणि पोचल्यावर मागे राहिलेले तेवढेच हिशेबात धरायचे. असा हा व्यवहार.

बायकांच्या वाट्याला तर हा खेळसुद्धा उशिरा आला. ऑलिंपिकमध्ये पुरुष १८९६ पासून लांब उडी मारीत आहेत. बायकांना मैदानी शर्यतींत १९२८ मध्ये घेतले, पण लांब उडीसाठी आणखी वीस वर्षे थांबवले. ती १९४८ साली लंडनला सुरू झाली. म्हणजे मी सोलापुरात पदर खोचून धावले त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. हे मला तेव्हा कुणी सांगितले असते, तर मी कदाचित इतकी रडले नसते.

अंतिम फेरीत बाराजणी. प्रत्येकीला तीन उड्या, मग पहिल्या आठजणींना आणखी तीन. त्या वर्षी अमेरिकेची मेरियन जोन्स आली नव्हती. लेकीने मला मुद्दाम सांगितले, "तिला जूनमध्ये मुलगा झाला, आई. आपल्या बाळाबरोबरचाच." मी काही बोलले नाही. तिने ते का सांगितले हे मला कळले होते.

सगळे मैदान युनिस बार्बरच्या बाजूचे होते. ती जन्माने सिएरा लिओनची, १९९९ मध्ये फ्रान्सची नागरिक झालेली. त्याच स्पर्धेत थोड्याच दिवसांपूर्वी तिने सात प्रकारांच्या शर्यतीत रौप्यपदक मिळवले होते. ती धावायला उभी राहिली की हजारो लोक टाळ्यांचा ठेका धरीत. आमच्या अंजूसाठी टाळ्या वाजवणारी माणसे थोडी. ती केरळातल्या चंगनाशेरीजवळची. उंच, सडपातळ, धावण्यापूर्वी क्षणभर जागच्या जागी डुलायची आणि मग निघायची. तिला शिकवणारा तिचा नवरा. तो स्वतः तिहेरी उडीतला नावाजलेला खेळाडू होता; बायकोला शिकवण्यासाठी त्याने स्वतःचे खेळणे बाजूला ठेवले, हेही मला लेकीकडूनच कळले. नवऱ्यासाठी आपले काही बाजूला ठेवणाऱ्या बायका मी घरोघर पाहिल्या होत्या. त्यांची कोणी बातमी करीत नाही. उलट्या बाजूने ठेवणारा नवरा मात्र मी तोवर ऐकलासुद्धा नव्हता.

मधल्या एका फेरीत एका मुलीची उडी लांब गेली. आम्हांला वाटले, आता ही वर चढणार. पण पडता पडता तिचा तोल गेला आणि तिने एक हात मागे टेकला. अधिकारी वाकला आणि त्याने पायांच्या खोल खड्ड्यांकडे पाहिलेसुद्धा नाही. हाताची जी पुसटशी खूण उमटली होती, तिथेच त्याने निशाणी रोवली. मुलीने तोंड ओंजळीत झाकले.

मी एकदम लेकीला म्हणाले, "हात ठीक आहे. पण समजा, हात नसून पदर असता तर?"

लेकीला माझी १३ फूट १० इंच पाठ होती. पलीकडच्या खुर्चीवर पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ बसले होते. मघापासून ते आपण निवृत्त क्रीडाशिक्षक असल्याचे सांगून येईल त्या उडीवर मत देत होते. लेकीने हसत हसत त्यांना माझी सगळी कहाणी फ्रेंचमध्ये सांगितली. हातवारे करून पदर म्हणजे काय तेही दाखवले. त्यांनी माझ्याकडे जरा आदराने पाहिले. मग खांदे उडवून ते चार शब्द बोलले.

"काय म्हणतात?"

लेक थोडी घुटमळली. "म्हणतात, ते वस्त्र बाईंच्याच अंगावर होते ना?"

अठ्ठेचाळीस वर्षांनंतर, परक्या देशात, परक्या भाषेत, आमच्या बाईच माझ्याशी बोलल्या! मला हसूही आले आणि कानशिलेही तापली. त्यांनी अन्याय केला नव्हता. त्यांनी फक्त वाकून नीट पाहिले होते. (आजच्या नियमात तर तसे सरळ लिहिलेलेच आहे : शरीराची किंवा खूण उमटताना शरीराला लागून असलेल्या कोणत्याही वस्तूची.) आणि त्या क्षणी, का कोण जाणे, मला माझे ते जुळवून ठेवलेले वाक्य कुठे ऐकले होते ते आठवले.

ते ऐकलेले नव्हते, वाचलेले होते. थोरला मुलगा झाला तेव्हा मी एका शाळेत शिकवीत होते. घरात सासूबाई होत्या, मूल सांभाळायला तयार होत्या. नवऱ्याचीही ना नव्हती. रजा संपायला आठवडा असताना माझ्या आईचे कार्ड आले. त्यात चारच ओळी होत्या. "पोर लहान आहे. शाळा कुठे पळून जात नाही. विचार कर." मी विचार केला आणि राजीनामा लिहिला. शाळा खरेच कुठे पळून गेली नाही. मीच पुन्हा तिच्याकडे गेले नाही. याबद्दल मी आईला कधी दोष दिला नाही, कारण तिने जबरदस्ती केलीच नव्हती. एक कार्ड तेवढे टाकले होते. आता कळले, की तेवढे पुरते. माणूस पुढे उडी घेते, आणि मोजणी होते ती मागून सावकाश येऊन पडलेल्या हलक्याशा वस्तूपासून.

इतक्यात अंजू धावली. फळीवर पाय पडल्याचा आवाज आमच्यापर्यंत येणे शक्य नव्हते, पण मला तो ऐकू आल्यासारखे वाटले. पांढरे निशाण वर झाले. ६.७० मीटर. लेक खुर्चीवर उभी राहून मराठीत ओरडली. शेजारच्या गृहस्थांनी तिला खाली उतरायला हात दिला आणि स्वतःही टाळ्या वाजवल्या. शेवटच्या फेरीत बार्बरने ६.९९ मीटरची उडी घेतली आणि सगळे मैदान उठून उभे राहिले. सुवर्णपदक तिचे. रशियाची तात्याना कोतोवा ६.७४ वर दुसरी. अंजू तिसरी, आणि चौथ्या मुलीपेक्षा ती पुढे होती सात सेंटिमीटरांनी. माझ्या हाताची चार बोटे मी मांडीवर टेकवून पाहिली, जवळजवळ तेवढेच. जागतिक मैदानी स्पर्धेत भारताला मिळालेले ते पहिले पदक. दुसरे यायला पुढे १९ वर्षे लागली. ते २०२२ मध्ये नीरज चोप्राने आणले.

परतीच्या गाडीत आम्ही दोघीच एका बाकावर होतो. घरी पोचायला बराच अवकाश होता. बोलायला याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. लेक म्हणाली, "आई, तुला काहीतरी बोलायचं आहे ना? चार दिवस पाहतेय मी."

वाक्य तोंडाशी होते. मी म्हणाले, "पाळणाघरात सोडायला सोमवारी मी येऊ का तुझ्याबरोबर?"

तिने माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि ती थोडी रडली. तिलाही मूल टाकून जाणे सोपे वाटत नव्हतेच; माझे वाक्य पडले असते तर ते नेमके त्या मऊ जागी रुतले असते. घरी पोचलो तो दिवे तसेच जळत होते, ओट्यावर तीन बाटल्या ओळीने धुऊन पालथ्या घातल्या होत्या, आणि जावई कोचावर झोपले होते. बाळ त्यांच्या छातीवर पालथे पडून झोपले होते. मी दिवे मालवले.

अंजूची गोष्ट मी पुढेही वर्तमानपत्रांतून वाचीत राहिले. २००४ साली अथेन्सच्या ऑलिंपिकमध्ये तिने ६.८३ मीटर उडी मारली, तेव्हा ती सहावी आली. पाचवी आलेली मेरियन जोन्स पुढे उत्तेजक द्रव्ये घेतल्याचे कबूल करून बाद झाली आणि अंजूचा नंबर पाचवा झाला. २००५ मध्ये मोनॅकोच्या स्पर्धेत ती कोतोवाच्या मागे दुसरी होती. कोतोवाचा जुना नमुना पुन्हा तपासल्यावर २०१४ साली तेथले सुवर्णपदक अंजूकडे आले. म्हणजे वाळू सपाट केली तरी मागच्या खुणा काही पुसल्या जात नाहीत. नऊ-नऊ वर्षांनीही कोणी तरी वाकून त्या पाहते. आणि २०२० मध्ये तिने स्वतःच जगाला सांगितले, की तिला जन्मापासून एकच मूत्रपिंड आहे. एवढे सगळे अंगावर वागवून ती ६.७० वर पोचली होती, आणि मोजणाऱ्याने त्यातले काहीही वजा धरले नव्हते.

माझी ती नात आता बावीस वर्षांची झाली आहे. गेल्या वर्षी सुटीत आली तेव्हा तिने मोबाइलवर त्या संध्याकाळचे चित्रण शोधून मला दाखवले. तिला मौज वाटत होती, की ही उडी पडली तेव्हा आपण बाबाच्या छातीवर झोपलो होतो. तिने ती पुन्हा पुन्हा लावली. मग मोबाइल बाजूला ठेवून म्हणाली, "आजी, तूही लांब उडी मारायचीस ना? आई सांगते. किती गेली होती गं तुझी?"

"१२ फूट ९ इंच," मी म्हणाले.